थावीचा पंचा

“ताई, दोर सोडताय, का कोयता आणू?”

संबाथ आपल्या इंजिनाच्या नावेतून ओरडला. थावीने दोर सोडला नाही. घराच्या पुढच्या फळीवर, मिरच्यांच्या कुंडीशेजारी ती उभी होती आणि डोळे ताणताणून समोरच्या बुडालेल्या झाडीकडे बघत होती.

“रुम यायचीय अजून,” ती म्हणाली.

“येईल की! पोर काय आज जन्मली पाण्यात?”

“आणि ती पाहुणी?”

“तीही येईल. एवढी धिप्पाड बाई, ती काय विरघळून जाणार आहे? ताई, सगळं गाव ओढून झालं. तुमचं एकटीचं घर राहिलंय. वर बघा जरा.”

थावीने वर बघितलं नाही. तिला बघायची गरजच नव्हती.  सरोवराच्या पश्चिमेची कड काळी पडली होती आणि पाण्याला तेलकट चमक आली होती. गावातले बाकी लोक असलं आभाळ बघून म्हणायचे, “येतंय बरं का.” थावी काही म्हणायची नाही. तिचे हातपाय गार पडायचे.

थावी भित्री आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. “वारा आला, वारा आला, थावीआजी खाटेखाली!” असं ती मुलं अॅल्युमिनियमच्या घमेल्यात बसून, हाताने पाणी मारत तिच्या दारावरून ओरडत जायची. पाण्यावर जन्मलेली, पाण्यावरच लग्न झालेली ही बाई सहा वर्षं झाली, लहान होडीत पाय ठेवत नव्हती. बर्फवाला आला तर बर्फ, भाजीवाली आली तर भाजी. विहारात जायचं तर संबाथच्या मोठ्या नावेतून, तेही मधोमध बसून, दोन्ही हातांनी फळी धरून. संबाथ म्हणायचा, “ताई, फळी पळून नाही जाणार, सोडा तिला.” मग सगळी नाव हसायची. तीही हसायची. भीती वाटली की तिला हसूच यायचं, त्याला ती तरी काय करणार!

अशा बाईच्या घरी परवा एक पाहुणी आली होती. इनेस तिचं नाव, कुठल्या तरी लांबच्या देशातली, कंबोडिया हिंडायला निघालेली. देवळं बघून झाली होती, आता घर बघायचं होतं. “तुम्ही खाता ते खायचं, तुम्ही करता ते करायचं,” असं तिने विहाराच्या शाळेतल्या मास्तरांना सांगितलं आणि मास्तरांनी तिला थावीकडे धाडलं, कारण थावीचं घर स्वच्छ होतं आणि नात चार शब्द इंग्रजी बोलायची. थावीच्या तोंडचं पाणी पळालं. ही बाई फळीवरून घसरली तर? आमचं पाणी पिऊन पोट बिघडलं तर? पहिल्या रात्री पाहुणी झोपल्यावर थावीने तिच्या घोट्याला दोरी बांधली आणि दुसरं टोक खांबाला. तान्ह्या पोरांना बांधतात तशी. सकाळी इनेस उठली ती दाणकन आपटली. मग दोरी बघून इतकी हसली, इतकी हसली, की शेजारच्या घरातून बायका बघायला आल्या.

तर ही इनेस आणि नऊ वर्षांची रुमदुल, थावीची नात, आज सकाळी लहान होडी घेऊन झाडीत गेल्या होत्या. मासे धरायचे बांबूचे पिंजरे तिथे फांद्यांना बांधलेले असतात, ते उचलून आणायचे होते. निघताना रुमने विचारलं होतं, “आजी, आज घर हलायचं नाही ना?”

“छट्! शीलाच्या दिवशी कोण घर हलवतं? भंते काय म्हणतील?”

थावी स्वतः असं म्हणाली होती. हेच तिला आता खात होतं. श्रावणात सरोवराचं पाणी चढायला लागलं की लाटा अंगावर येतात. मग बांबूच्या जुड्यांवर आणि पिंपांवर तरंगणारं हे सगळं गाव आपले दोर सोडतं आणि आतल्या ओढ्याच्या आडोशाला जाऊन राहतं. पाणी उतरलं की पुन्हा बाहेर. यात नवल काहीच नाही. पण विहारात शील घेण्याचा जो दिवस, त्या दिवशी घर हलवायचं नाही, हा गावाचा नेम. थावीच्या आईने पाळला, आजीने पाळला. म्हणून तिने पोरीला बिनधास्त सांगून टाकलं. आणि दिवस जरा वर येतोय तोच संबाथ दारात हजर! “ताई, आवरा. आज निघायचं.”

“अरे, आज शील आहे ना?”

“भंत्यांनाच विचारून आलोय. ते म्हणाले, वारा शील पाळत नाही.”

झालं. दुपारपर्यंत एकेक घर गेलं. समोरचं गेलं, बाजूचं गेलं, पेट्रोलवाल्याचं गेलं, शाळा गेली. जिथे सकाळी माणसांची, कुत्र्यांची, टीव्हीची गडबड होती तिथे नुसतं पाणी उरलं, आणि पाण्यातून वर आलेले, घरांचे दोर बांधायचे बांबूचे खांब. थावीने आपलं घर शेवटी ठेवायला सांगितलं होतं. आता तो शेवट आला होता.

“तू झाडीत जाऊन बघून येतोस का?” तिने विचारलं.

“ताई, झाडीत इंजिन चालतं का? पंखा वेलीत गुंतला की मीच अडकलो. आणि वाटा किती तिथे! मी एकीने जायचो, त्या दुसरीने यायच्या. फोन लावा ना तिच्या त्या पाहुणीला.”

“फोन इथंच आहे.” थावीने आत बोट दाखवलं. फळीवर बॅटरीला लावलेला इनेसचा फोन शांतपणे पडला होता. संबाथने कपाळावर हात मारला.

“बरं, मग तुमचा तो पंचा बांधा खांबाला आणि चला. रुमला माहितीय त्याचा अर्थ.”

पंच्याचीही गावात चेष्टा होती. दर वेळी घर हललं की थावी आपला लाल चौकड्यांचा पंचा जुन्या खांबाला बांधून ठेवायची, घर इथून हललंय याची खूण म्हणून. लोक म्हणायचे, “थावीने वाळत घातलाय, सुकला की न्यायला येईल.” असे किती पंचे तिने पाण्याला दिले असतील! सहा वर्षांपूर्वी मात्र बांधला नव्हता. तेव्हा तशी रीतच नव्हती. तिचा कोसाल, रुमचा बाप, संध्याकाळी जाळी टाकायला गेला होता, सकाळी परतायचा होता. सकाळी गाव हललं. याच संबाथने घर ओढून नेलं. “तो शहाणा आहे, शोधत येईल,” असं सगळेच म्हणाले, थावीसुद्धा म्हणाली. दुपारी वादळ झालं. मग त्याची होडी सापडली, उलटी, आत खोल सरोवरात. कोसाल सापडला नाही. सून वर्षभर रडली आणि मग राजधानीत कपडे शिवायच्या कारखान्यात गेली.

संबाथ तेव्हापासून एकच सांगत आला होता, “ताई, त्याला रात्रीच लाटेने नेलं. तो इथवर आलाच नव्हता.” थावी मान हलवायची. पण तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच दिसायचं. कोसाल येतो, खांब तेवढे उभे असतात, घर नसतं. हाका मारतो. मग घर शोधत सरोवरात आत, आणखी आत जातो. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं? संबाथलाच ते लागलं असतं.

“पंचा दिसायला आधी खांब दिसावा लागतो,” ती आता म्हणाली. “पाऊस आला की हाताचा पंजा दिसत नाही. ती इथं येईल आणि पुढं जाईल.”

“मग काय करू म्हणता? घर सोडू इथं? तुमचे बुद्धदेव आहेत आत, पाहुणीची बॅग आहे. पिंपं फुटली की सगळं तळाला.”

थावीने घरामागे बांधलेल्या कोंबड्यांच्या तराफ्याकडे बघितलं.  मग तिने जे सांगितलं ते तिचं तिलाच ऐकवेना.

“घर ने. कोंबड्यांचा तराफा तेवढा सोड. तो इथं खांबाला बांध. मी बसते त्याच्यावर.”

संबाथ हसला. त्याला खरंच थट्टा वाटली. “तुम्ही? कोंबड्यांबरोबर?”

“हो.”

“ताई, तुम्ही माझ्या नावेत फळी सोडत नाही!”

“म्हणून तर म्हणते, चांगला घट्ट बांध.”

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या ओठांवर ते नेहमीचं वेडं हसू होतं.  मागचा तराफा त्याने सोडवला, खांबाला दोन फेरे मारून बांधला, वर आपला एक दोर आणखी बांधला. थावीने घरातून भाताच्या पातेल्याचं झाकण आणि लाकडी पळी घेतली. फळीवरून तराफ्यावर पाय टाकताना तिने डोळे मिटले होते. संबाथची बायको घर सांभाळायला नावेतून वर चढली आणि म्हणाली, “मावशी, वेड लागलं का हो तुम्हाला?”

“केव्हाच,” थावी म्हणाली.

“घर बांधलं की लगेच परत येतो,” संबाथने ओरडून सांगितलं. “तिथून हलू नका!”

“हलून कुठं जाऊ?”

घर निघून गेलं. आपलंच घर आपल्याला सोडून जाताना तिने पहिल्यांदा बघितलं. दारातली मिरच्यांची कुंडी, दोरीवरचा रुमचा शाळेचा सदरा, सगळं हलत हलत लहान झालं आणि ओढ्याच्या वळणाआड गेलं. इंजिनाचा आवाज थांबला. मग नुसतं पाणी. तराफा वीतभर वर जायचा, वीतभर खाली यायचा. खुराड्यातल्या कोंबड्या गप्प झाल्या होत्या, हे तिला मुळीच आवडलं नाही. कोंबडी गप्प बसली की काहीतरी वाईट असतं.

वारा एकदम आला. आधी झाडीचे शेंडे वाकले, मग पाणी उभं राहिलं. थावीने डोक्याचा पंचा सोडला, कमरेभोवती घेतला आणि स्वतःला खांबाला बांधून टाकलं.  पहिली लाट पायांवरून गेली तेव्हा ती किंचाळली. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून मनसोक्त किंचाळली. “आई गं! मेले! मेले गं आई!” साठीला आलेली बाई, आईला हाका मारत होती. मग पाऊस आला आणि झाडी नाहीशी झाली, बाकीचे खांब नाहीसे झाले, तराफ्याची दुसरी कडसुद्धा दिसेना.

तिने झाकण उचललं आणि पळीने बडवायला सुरुवात केली.

जेवायला हाक मारताना बडवतात तसंच. रुम शेजाऱ्यांकडे खेळायला गेली की थावी हेच करायची, आणि सगळ्या गावाला कळायचं की थावीचा भात झाला. ढँग, ढँग, ढँग. वारा तो आवाज तोंडातून घास काढून घ्यावा तसा ओढून नेत होता. कुठे नेत होता कोण जाणे. हात दुखला की ती दुसऱ्या हाताने बडवायची. मध्येच तिच्या मनात यायचं, दोर तुटला तर? खांब उपटला तर? मध्येच यायचं, पोर आधीच बुडाली असेल आणि मी इथे भांडी वाजवतेय. तेव्हा ती आणखी जोरात बडवायची. ती अजिबात धीट झाली नव्हती. दातांवर दात आपटत होते, लुगडं पावसाने भिजलं की भीतीने तेही कळत नव्हतं. फक्त हात चालू होता.

एक लाट आली आणि खुराडं कलंडलं. दोन कोंबड्या पाण्यात गेल्या. थावीने बघितलं आणि बडवत राहिली.

“आजी!”

तिला वाटलं भास झाला. असला भास तिला सहा वर्षं होत होता.

“आ-जी! कुठंयस?”

“इथं! इथं गं! आवाजावर ये! आवाजावर!”

होडी तिला वाटलं त्या बाजूने आलीच नाही. झाडीच्या बाजूने यायला हवी होती, ती पाठीमागून आली, मोठ्या सरोवराच्या अंगाने. रुम वल्हं मारत होती, आणि ती धिप्पाड पाहुणी गुडघ्यांवर बसून पिंजऱ्यातल्या माशांच्या डब्याने होडीतलं पाणी उपसत होती. होडी तराफ्यावर आदळली. थावीने एका हाताने नातीची वेणी धरली आणि दुसऱ्याने पाहुणीचा दंड. कुणाला कुठे ओढलं, कोण कुणावर पडलं, काही कळलं नाही. तिघी खांबाला आणि एकमेकींना धरून बसल्या, आणि मध्ये एक भिजलेली कोंबडी. इनेस तिच्या भाषेत काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. थावीला भाषा कळत नव्हती, पण तीही आईलाच हाक मारत असावी असं तिला वाटलं. तिने पाहुणीचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं. दुसऱ्याच्या डोक्याला हात लावू नये म्हणतात. म्हणोत.

वारा आला तसा गेला. पाऊस पातळ झाला, झाडी परत दिसायला लागली. ओढ्याच्या वळणावरून इंजिनाचा आवाज आला आणि संबाथ आला, उघडाबंब, चिखलाने माखलेला. तिघींना बघून त्याने इंजिन बंद केलं आणि नावेतच मटकन बसला.

“जिवंत आहेत!” तो स्वतःशीच म्हणाला. मग आवाज चढवून म्हणाला, “आणि कोंबड्या?”

“तीन राहिल्या,” रुम म्हणाली आणि रडायला लागली. सगळं झाल्यावर रडली पोर.

संबाथने तिला उचलून नावेत घेतलं, पाहुणीला हात दिला. कोरडं काहीच नव्हतं म्हणून स्वतःची गोणपाटाची गादी दोघींवर टाकली. “काय गं, तू त्या बाजूने कशी आलीस?” त्याने विचारलं. “पिंजरे तर झाडीत आहेत ना?”

“झाडीतूनच आले,” रुम हुंदके देत म्हणाली. “इथं आले तर घरच नाही. पाऊस इतका, खांबपण दिसेना. मला वाटलं आपण अजून पोचलोच नाही, घर पुढं असेल. म्हणून पुढं पुढं गेले. लाटा मोठ्या व्हायला लागल्या तरी गेले. मग मागून भाताचं झाकण वाजलं.” तिने नाक पुसलं. “नाहीतर मी जातच राहिले असते.”

 इनेसला काही समजलं नव्हतं, ती सगळ्यांची तोंडं बघत राहिली.

संबाथ इंजिनाची दोरी हातात धरून तसाच उभा होता. त्याने थावीकडे बघितलं नाही. थावीने त्याच्याकडे बघितलं. सहा वर्षं ज्याबद्दल तो एक बोलत होता आणि ती दुसरं समजत होती, ते आता एका नऊ वर्षांच्या पोरीने सांगून टाकलं होतं. थावीला वाटलं होतं, हे कळलं तर आपण मरून जाऊ. मेली नाही. छातीत फक्त काहीतरी खाली बसलं, जड, आणि तिथेच राहिलं.

“चला ताई,” संबाथ शेवटी म्हणाला.  “तराफा मागे बांधतो. तुम्ही मध्ये बसा.”

थावीने कमरेची गाठ सोडली. पंचा भिजून जड झाला होता. तिने तो पिळला, झटकला, आणि खांबाभोवती घेऊन पुन्हा बांधायला लागली.

“आजी, आता कशाला?” रुम नावेतून म्हणाली. “आम्ही आलो ना!”

“हो गं, तुम्ही आलात.”

ओल्या पंच्याची गाठ बसत नव्हती. या पंच्यावर संबाथ दर वेळी काहीतरी बोलायचाच. आज तो नाव वळवून खांबाशी आला, खांब हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, आणि थावी गाठ मारत होती तिकडे बघत हळूच म्हणाला,

“जरा वर बांधा, ताई. पाणी चढतंय.”